चरात उतरण्याआधी

दिवाळीनंतर रब्बीची पेरणी उरकली की सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूप आणि आसपासच्या गावांत जेसीबी फिरू लागतात. कुठे विहिरीपासून उसापर्यंत पाइपलाइन, कुठे गावठाणात भुयारी गटार, कुठे नळयोजनेची नवी लाइन, कुठे शाळेमागे शोषखड्डा. या कामांविषयी वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न साधारण सारखेच असतात. किती फुटांपर्यंत आधार न देता चालतं? यंत्र खणत असताना माणसाला खाली उतरवायचं कशाला? ॲल्युमिनियमचं हलकं साहित्य मातीचा भार सोसेल का? आणि काही विपरीत घडलं तर जबाबदार कोण: शेतकरी, ठेकेदार की ग्रामपंचायत?

या प्रश्नांची उत्तरं कामाला लागतील अशा क्रमाने देतो. त्यात एक गोष्ट आधी ठरवून टाका. चर सुरक्षित आहे की नाही, हे तो किती वेळ उभा राहिला यावरून ठरवू नका. "सकाळपासून उभा आहे, काही होत नाही" हे वाक्य कामावर ऐकू आलं, तर त्या क्षणी माणसं वर घ्या.

काळी माती आणि पांढरी माती

आपल्या शिवारात काळी माती खोल आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि भेगा चांगल्या खोलवर जातात. अशा जमिनीत जेसीबीने चर मारला की भिंत सरळ, गुळगुळीत, कापल्यासारखी दिसते आणि पाहणाऱ्याला ती पक्की वाटते. पण काठापासून हात-दोन हातांवर जमिनीत आधीच उभी भेग असते. चर खणला की तिच्या अलीकडच्या मातीला एका बाजूने काहीच टेकू उरत नाही. मग ती चुरा होऊन न पडता अख्ख्या लादीसारखी निखळते.

त्या लादीचं वजन स्वतः काढून पाहा. सहा फूट उंच, तीन फूट लांब आणि एक फूट जाड लादी म्हणजे अठरा घनफूट, सुमारे अर्धा घनमीटर माती. एवढ्या मातीचं वजन 800 ते 900 किलो भरतं. माणूस डोक्यापर्यंत गाडला जाण्याची गरज नाही. माती छातीपर्यंत आली तरी बरगड्या हलत नाहीत आणि श्वास थांबतो.

पावसाळ्यात प्रकार वेगळा असतो. सोलापूरकडे मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, जड होते आणि चिकट लोण्यासारखी खाली सरकते. पाऊस नसला तरी शेजारच्या उसाला पाट सोडलेला असेल, तर पाझर चराच्या भिंतीत उतरतो. म्हणून शेतात चर असेल तर शेजाऱ्याच्या पाण्याची पाळी विचारून घ्या.

गावठाणातली माती याहून धोक्याची. जुनी माणसं जिला 'पांढरी' म्हणतात, ती पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या माळवदाच्या घरांची, राखेची, उकिरड्याची भुसभुशीत भर आहे. तिच्यात जुनी बुजलेली पेवं असतात, विसरलेले शोषखड्डे असतात, आधीच्या पाइपांचे भरलेले चर असतात. अशी भर कधीच एकजीव होत नाही. पांढरीत चर खणायचा तर गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, "इथं पेव होतं का?" हा प्रश्न नकाशात सापडणार नाही ते सांगून जातो.

मुरूम किंवा मांजऱ्या लागला म्हणजे काम निर्धास्त, असंही नाही. वर चार फूट काळी आणि खाली मुरूम असेल, तर मुरूम उभा राहतो आणि वरची काळी माणसाच्या डोक्यावर येते.

खोलीचा हिशेब अंगावर मोजा

कामावर टेप असतोच असं नाही, म्हणून हे शरीरावर मोजायला शिका.

- छातीच्या खाली, साधारण 4 फूट (1.2 मीटर): इथून शिडी लागते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा संहितेनुसार 1.2 मीटर किंवा त्याहून खोल चरात दर 30 मीटर लांबीला निदान एक शिडी हवी. ती तळापासून काठाच्या वर 90 सेंटिमीटर यायला हवी. अमेरिकेतला नियम तर माणसापासून 25 फुटांच्या आत शिडी मागतो. मला तोच योग्य वाटतो, कारण भिंत हलताना शंभर फूट धावायला कोणाला वेळ मिळतो?
- खांद्याएवढा, 5 फूट (1.5 मीटर): इथून भिंतीला उतार, पायऱ्या किंवा आधार, यांपैकी एक काहीतरी हवंच.
- डोक्याच्या वर: आधाराची आखणी इंजिनिअरकडून घ्या. मिस्त्रीचा अनुभव मोलाचा असतो, पण मातीच्या दाबाचं गणित अंदाजाने सुटत नाही.

पाच फुटांच्या आत काहीच नको, असा याचा अर्थ काढू नका. गुडघ्यावर बसून पाइपचा सांधा जोडणाऱ्या माणसाला चार फुटांचा चर डोक्याएवढाच असतो. पांढरी माती, ओली माती, जुनी भर किंवा काठावर भेग दिसत असेल, तर चार फुटांनाही आधार द्या.

पहिला पर्याय: माणूस उतरवूच नका

आधार कोणता घ्यायचा याआधी विचारा, माणूस खाली कशासाठी जातो? बहुधा तीन कामांसाठी: तळ समतल करायला, दगड काढायला आणि सांधा जोडायला.

शेतातल्या पीव्हीसी पाइपचे सांधे वरच, काठापासून लांब जोडता येतात. सांध्याचं सॉल्व्हंट सिमेंट वाळलं की दोरांवर लाइन खाली सोडायची. एचडीपीईची लाइन तर वर वितळजोड करून लांबच लांब उतरवता येते. तळ साफ करायला जेसीबीला अरुंद बकेट लावा आणि शेवटचा हात लांब दांड्याच्या फावड्याने काठावरून मारा. वाळूची गादीही वरून टाकता येते. पाइपलाइनच्या बऱ्याच कामांत एवढ्याने माणसाचं उतरणं टळतं किंवा काही मिनिटांवर येतं. याला खर्च जवळजवळ नाही, तरी हा पर्याय कोणी सुचवत नाही याचं मला वाईट वाटतं.

सिमेंटच्या जड पाइपांच्या गटारात मात्र हे जमत नाही. तिथे उताराची पातळी अचूक लागते, चेंबर बांधावा लागतो, माणूस तासन्‌तास खाली असतो. पुढचे पर्याय मुख्यतः त्या कामासाठी आहेत.

दुसरा पर्याय: भिंतीला उतार

जागा मोकळी असेल तर हा सर्वांत साधा उपाय. कोरड्या, आधी न खणलेल्या मातीत निदान एकास एक, म्हणजे जेवढी खोली तेवढंच प्रत्येक बाजूला मागे सरकणं. ओल्या मातीत आणि भरावात दीडपट मागे सरका.

सहा फूट खोल आणि तळाशी दोन फूट रुंद चर एकास एक उताराने खणला, तर वरची रुंदी चौदा फूट होते. सरळ चराला दर फुटामागे बारा घनफूट माती निघते, उताराच्या चराला अठ्ठेचाळीस, म्हणजे चौपट. शेतात हे परवडेल. गावठाणातल्या दहा-बारा फुटांच्या बोळात चौदा फूट आणायचे कुठून? दोन्हीकडे माळवदाच्या भिंती उभ्या. त्यांच्या पायालगत उतार घेतला तर घरच खाली येईल. हलक्या साहित्याची खरी गरज आहे ती इथे.

तिसरा पर्याय: हलकं आधारसाहित्य

पोलादी ट्रेंच बॉक्स उचलायला मोठं पोकलेन लागतं. ते बोळात शिरत नाही आणि लहान कामाला परवडतही नाही. म्हणून ॲल्युमिनियमचं साहित्य पुढे आलं. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे त्याचे भाग दोन-चार माणसं हाताने हलवू शकतात किंवा साधा जेसीबी उचलू शकतो. हलकं म्हणजे कमजोर, असा अर्थ घेऊ नका. किती खोलीला आणि कोणत्या मातीला ते चालतं, हे बनवणाऱ्याच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. ताकद ठरवायची ती त्या तक्त्यावरून, हातात घेतल्यावर लागणाऱ्या वजनावरून नाही.

*ॲल्युमिनियमचे हायड्रॉलिक टेकू.* दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये दाबाने लांब होणारे नळ. घडी घालून वरून चरात सोडायचे, हातपंपाने दाब द्यायचा, पट्ट्या दोन्ही भिंतींना घट्ट टेकतात. पंप, सोडणं, काढणं, सगळं काठावरून होतं, कोणी खाली उतरत नाही. माझ्या मते हा या साहित्याचा सर्वांत मोठा गुण. लाकडी आधारात पहिली फळी लावायला उतरलेला माणूसच सर्वांत धोक्यात असतो. माती ढिली असेल तर पट्ट्यांमागे जाड प्लायवूड लागतं. सतत वाहून येणाऱ्या भरावात किंवा पाण्याखालच्या चरात नुसत्या टेकूंवर विसंबू नका.

*ॲल्युमिनियमचा जोडबॉक्स.* पॅनेल आणि मधले आडवे दांडे, पिनांनी जोडायचे. पांढरी माती, चेंबरचा खड्डा, जुन्या गटाराला नवी लाइन जोडण्याची जागा यांसाठी उत्तम. बॉक्स भिंत कोसळणं थांबवत नाही, आतल्या माणसाला वाचवतो. म्हणून काम फक्त बॉक्सच्या आतच करायचं. बॉक्स पुढे ओढताना किंवा वर घेताना आत कोणी नको. शेजारी माळवदाची भिंत असेल तर बॉक्स आणि माती यांच्यातली पोकळी लगेच भरा, नाहीतर माती बॉक्सकडे सरकेल आणि घराला तडा जाईल.

*पत्रे आणि स्क्रू-जॅक.* पन्हाळीदार पोलादी पत्रे उभे ठोकायचे आणि मधे आडवे फिरकीचे जॅक कसायचे. स्वस्त, टिकाऊ आणि आपल्या मिस्त्रींना समजायला सोपं. आडव्या पट्ट्यांशिवाय मात्र हे अपुरं असतं. लावताना वरून खाली, काढताना खालून वर.

*लाकूड.* फळ्या, वासे, पाचरी. आजही चालतं, पण लाकूड सरळ, गाठी नसलेलं, किडीविना हवं आणि माप इंजिनिअरने दिलेलं हवं. मागच्या स्लॅबची उरलेली फळी आणून चालत नाही.

विकत की भाड्याने?

एका शेतकऱ्याने एका पाइपलाइनसाठी हे विकत घेण्यात अर्थ नाही. भाड्याने घेताना पुण्या-मुंबईच्या पुरवठादाराचा दिवसाचा दर, वाहतूक आणि अनामत, तिन्ही एकत्र करून दर रनिंग फुटाला काय पडतं ते काढा. त्याच्या शेजारी उताराने चर मारल्यास लागणारी चौपट माती, तिची वाहतूक आणि जेसीबीचे जादा तास मांडा. गावठाणात हिशेब बऱ्याचदा आधाराच्या बाजूने निघतो.

मला जास्त पटणारा मार्ग वेगळा आहे. मंद्रूप, कंदलगाव, निंबर्गी, भंडारकवठे अशा परिसरातल्या ग्रामपंचायतींनी मिळून पंधरा-वीस फूट लांबीला पुरेल एवढा एक संच घ्यावा आणि पाळीपाळीने वापरावा. गटाराचं काम तुकड्यातुकड्यानेच पुढे सरकतं. शंभर फुटांना शंभर फूट आधार लागत नाही. खणा, आधार द्या, पाइप टाका, भरा, पुढे सरका.

साहित्य ताब्यात घेताना हे पाहा:

- खोली, माती आणि टेकूंमधलं अंतर सांगणारा तक्ता सोबत आहे का? नसेल तर घेऊ नका.
- नळ वाकलेला, पिन वेगळ्या मापाची, दाब उतरतो आहे, असं काही आहे का?
- ॲल्युमिनियमवर गावातल्या दुकानात मारलेलं वेल्डिंग दिसतं का? अशी जागा ताकद हरवून बसते. तो भाग बाजूला काढा.

जिथे हमखास चूक होते

सेंट्रिंगचे जॅक आडवे लावणं ही सर्वांत मोठी. ते उभा भार घ्यायला बनवलेले असतात. आडवे लावल्यावर टोक सरकतं आणि सगळं एकदम खाली येतं. सेंट्रिंगच्या प्लेटांचंही तसंच, मातीच्या दाबाने त्या वाकतात. घरचं साहित्य म्हणून ते हाताशी असतं, पण इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय वापरू नका.

दुसरी चूक मातीच्या ढिगाची. निघालेली माती काठावरच टाकली की भिंतीवर तेवढा भार वाढतो. केंद्रीय बांधकाम खात्याच्या त्याच सुरक्षा संहितेनुसार ढीग काठापासून 1.5 मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मा, यांपैकी जे जास्त असेल तेवढा दूर हवा. बोळात ते शक्य नाही, म्हणून माती ट्रॉलीत भरून लांब न्या आणि तिची वाहतूक आधीच अंदाजपत्रकात धरा. जेसीबी, ट्रॅक्टर, पाइपांची थप्पीही काठापासून लांब. गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने जातात तेव्हा जमीन थरथरते. रस्त्यालगतच्या कामात त्यांना दुसरी वाट द्या.

हेल्मेट घाला, पण हेल्मेटमुळे चर सुरक्षित होत नाही. कमरेला दोर बांधून "पडलं तर ओढून काढू" म्हणणंही चूक आहे. छातीपर्यंत गाडलेला माणूस दोराने ओढला तर त्याचा कणा मोडू शकतो.

जुन्या गटाराला किंवा शोषखड्ड्याला जोड द्यायचा असेल तर मातीइतकाच वायू घातक ठरतो. वायू मोजल्याशिवाय, हवा खेळती केल्याशिवाय कोणी उतरू नये. वायूमापक हातात मावतो, तोही भाड्याने मागा. जुनं गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला सुरक्षासाधनांविना माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

रोज सकाळी पाच मिनिटं

एक जबाबदार माणूस नेमा, त्याचं नाव वहीत लिहा. काम सुरू होण्याआधी, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि पाऊस पडून गेल्यावर त्याने काठावरून चालत जाऊन पाहायचं: नवी भेग, भिंतीचा फुगवटा, तळाशी पाणी, सुटलेली ढेकळं, सैल झालेला टेकू. त्याने "वर या" म्हटलं की मुकादमाची परवानगी न मागता सगळ्यांनी वर यायचं. आणि चरात माणूस असताना काठावर दुसरा माणूस असायलाच हवा.

हक्क आणि जबाबदारी

*तुम्ही कामगार असाल तर:* 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत समाविष्ट झाला आहे. जिवाला तातडीचा धोका वाटला तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क ती संहिता देते. फोटो काढा, तारीख-वेळेसह पाठवा. सोलापूरला सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केली नसेल तर या आठवड्यात करा. वय 18 ते 60 आणि वर्षभरात 90 दिवसांचं काम एवढी अट आहे. दाखला ठेकेदार देत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागा. नोंदीत कामगाराचा कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसांना मंडळाकडून 5 लाख रुपये मिळतात. मालकाने द्यायची नुकसानभरपाई याहून वेगळी आहे. एक मिळाली म्हणून दुसरी सोडू नका.

*तुम्ही काम देणारे असाल तर:* ठेका दिला म्हणजे सुटलो, असं होत नाही. ठेकेदाराने भरपाई दिली नाही तर मूळ काम देणाऱ्यावरही ती येऊ शकते. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून करारात आधाराची पद्धत लिहून घ्या, कामगारांचा विमा असल्याचा कागद पाहा आणि मगच उचल द्या.

*ग्रामपंचायतीचं काम असेल तर:* ग्रामसभेत अंदाजपत्रक मागा आणि त्यात चराला आधार देण्याची बाब आहे का ते वाचा. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरसूचीत ती स्वतंत्र बाब म्हणून येते. बाब असून आधार लावला नसेल तर बिल थांबवण्याची मागणी करा. बाबच नसेल तर काम सुरू होण्याआधी ती घालून घ्या. कागद मिळत नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

भिंत कोसळलीच तर

1 डिसेंबर 2019 रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या दापोडीत ड्रेनेजच्या खड्ड्यात कामगार अडकला. त्याला काढताना माती पुन्हा ढासळली आणि त्या कामगारासोबत अग्निशमन दलाचा एक जवानही गेला. 2023 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, म्हसोबाचीवाडीला, विहिरीचं काम करणारे चार जण कोसळलेल्या मातीखाली गाडले गेले आणि एनडीआरएफला त्यांच्यापर्यंत पोहोचायला काही दिवस लागले. एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ असते. मंद्रूपला ती यायला जेवढे तास लागतील, तेवढी मिनिटंही गाडलेल्या माणसाकडे नसतात. तरीही आंधळेपणाने उडी मारू नका.

1. सगळी यंत्रं बंद करा, गर्दी काठापासून मागे हटवा. पहिल्यानंतर दुसरी लादी बहुधा येतेच.
2. 112 आणि 108 ला फोन करा. मंद्रूप पोलीस ठाण्याला कळवा. "माती कोसळली, माणूस आत आहे" हे स्पष्ट सांगा.
3. माणूस शेवटचा कुठे दिसला तिथे काठावर काठी रोवा. पाइपलाइनमधलं पाणी, शेजारचा पाट बंद करा.
4. काठावर प्लायवूड, फळ्या टाकून भार पसरवा. हाताशी असलेले टेकू वरून सोडा. आधार दिल्यावरच, कमीत कमी माणसांनी आत जा.
5. माणसाजवळ जेसीबीचा बकेट आणू नका. हाताने, घमेल्याने माती काढा. आधी तोंड आणि छाती मोकळी करा.

बाहेर काढलेला माणूस बोलत असेल, पाणी मागत असेल, तरी त्याला घरी नेऊ नका. दाबलेल्या स्नायूंतून रक्तात उतरलेली द्रव्यं काही तासांनी मूत्रपिंडं आणि हृदय बंद पाडू शकतात. त्याला आडवा ठेवूनच सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि तो किती मिनिटं, कमरेपर्यंत की छातीपर्यंत गाडलेला होता, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.